बेने इस्रायलांचं दालन

मुंबईच्या राणीबागेतल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या मुख्य दालनात प्रिन्स अल्बर्टचा संगमरवरी पुतळा उभा आहे. राणी व्हिक्टोरियाचा हा नवरा. पुतळा मॅथ्यू नोबल या इंग्रज शिल्पकाराने घडवला आणि पैसे डेव्हिड ससून यांनी दिले. संग्रहालयात शिरणाऱ्याची नजर बहुधा वरच जाते, कारण वर पाहण्यासारखं खूप आहे: हिरव्या-सोनेरी रंगातले बिडाचे खांब, नक्षीचं छत, वरच्या सज्जाचा कठडा. पण थोडं वाकून पुतळ्याच्या चौथऱ्याकडे पाहावं. तिथे हिब्रू अक्षरं कोरलेली आहेत.

एकोणिसाव्या शतकातली मुंबई, इंग्रज राजपुत्र आणि त्याच्या पायाशी बायबलच्या जुन्या कराराची लिपी. ससून हे ज्यू व्यापारी, बगदादहून आलेले. तिथल्या छळाला कंटाळून हे घराणं आधी इराणच्या आखातातल्या बुशेर बंदरात गेलं आणि १८३२ मध्ये मुंबईत उतरलं. डेव्हिड ससून यांना इंग्रजी जवळजवळ येत नव्हतं. १८५३ मध्ये ते ब्रिटिश नागरिक झाले, तेव्हा त्यांनी सही केली ती हिब्रूत. मुंबई हे आपलं शहर मानून त्यांनी दानधर्म केला आणि त्या दानावर आपल्या लिपीतला शिक्का सोडला.

संग्रहालय लोकांसाठी खुलं झालं ते १८७२ मध्ये. तेव्हा त्याचं नाव होतं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. त्यासाठी वर्गण्या जमवणारे, समित्यांवर बसणारे लोक म्हणजे डॉ. जॉर्ज बर्डवुड, नाना शंकरशेट, भाऊ दाजी लाड आणि डेव्हिड ससून. १९७५ मध्ये त्याला भाऊ दाजींचं नाव मिळालं. बाहेर पडलं की समोर ससून यांच्याच नावाचा घड्याळाचा मनोरा आहे, १८६५ सालचा. त्याच्या चार बाजूंना चार चेहरे आहेत, सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि रात्र यांचे. शाळेच्या सहलीतली मुलं पेंग्विन बघायला त्याच्या शेजारून पळत जातात. मनोरा कोणी बांधला हे त्यांना सांगणारं सहसा कोणी नसतं.

शेजारच्या घोडपदेवच्या माणसाला राणीबाग म्हणजे घरचं अंगण. रामभाऊ भोगले मार्गावरून निघायचं आणि बोलता बोलता बागेच्या भिंतीशी पोचायचं. इथल्या चाळींमध्ये आणि आता उंच इमारतींमध्ये राहणारी बहुतेक घरं घाटावरून नाहीतर कोकणातून आलेली, गिरणीत, गोदीत, रेल्वेत राबलेली. या वस्तीभोवती पायी फिरायला निघालं, तर दोन-तीन किलोमीटरच्या परिघात ज्यू मुंबईचे इतके अवशेष आणि इतक्या चालत्या-बोलत्या जागा सापडतात की तो परिसरच एक संग्रहालय वाटू लागतो. या संग्रहालयाला फलक नाहीत, मार्गदर्शक नाही, आणि त्याची सूची कोणी केलेली नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ही सूची करायला हवी, मराठीत करायला हवी, आणि लवकर करायला हवी. मराठीत का, ते पुढे येईलच.

जगातल्या मोठ्या शहरांना ज्यूंच्या कला-इतिहासाची संग्रहालयं आहेत. पॅरिसच्या मारे भागात सतराव्या शतकातल्या एका हवेलीत असं संग्रहालय १९९८ मध्ये उघडलं. न्यू यॉर्कच्या ज्यूइश म्युझियमची सुरुवात १९०४ मधल्या एका देणगीतून झाली, आणि २०२३ मध्ये त्याने खास ससून घराण्यावरच प्रदर्शन भरवलं. जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियममध्ये कोचीच्या कडवुंभागम सिनेगॉगचं, म्हणजे ज्यू प्रार्थनागृहाचं, लाकडी अंतरंग जसंच्या तसं नेऊन उभं केलं आहे. कोचीत आजही १५६८ सालचा परदेशी सिनेगॉग पाहायला रांगा लागतात. मुंबईत मात्र भारतातला सर्वांत मोठा ज्यू समाज राहत आला, तरी त्याची गोष्ट एका छताखाली सांगणारं मोठं सार्वजनिक संग्रहालय नाही.

न्यू यॉर्कच्या त्या प्रदर्शनाच्याच वर्षी आणखी एक बातमी जगभर छापून आली. हिब्रू बायबलची सुमारे अकराशे वर्षांपूर्वीची, जवळजवळ संपूर्ण अशी एक हस्तलिखित प्रत न्यू यॉर्कच्या लिलावात ३ कोटी ८१ लाख डॉलरना विकली गेली आणि तेल अवीवच्या ‘अनू’ संग्रहालयाला भेट मिळाली. या प्रतीला ‘कोडेक्स ससून’ म्हणतात. ज्यांच्या नावाने ती ओळखली जाते ते डेव्हिड सॉलोमन ससून मुंबईत जन्मले, १८८० मध्ये. त्यांची आई फ्लोरा ससून ही पती गेल्यावर मुंबईतली पेढी स्वतः चालवणारी बाई होती. त्या काळात आशियातल्या एवढ्या मोठ्या व्यापारी पेढीवर बाई बसलेली कोणी पाहिली असेल? या डेव्हिडबद्दल असं सांगतात की आठ वर्षांचा असताना त्याने आपला पतंग एका मुलाला देऊन त्याच्याकडून एक पुस्तक घेतलं. रूथच्या कथेचं अरबी भाषांतर होतं ते, १८५९ मध्ये मुंबईत बगदादी ज्यूंसाठी छापलेलं. पुढे त्यांनी हजाराहून अधिक हिब्रू हस्तलिखितं जमवली. कोडेक्स त्यांनी १९२९ मध्ये साडेतीनशे पौंडांना घेतला होता. संक्रांतीच्या दिवसांत घोडपदेवच्या गच्च्यांवर पतंग उडतात तेव्हा मला हा मुलगा हटकून आठवतो. त्याचा संग्रह लंडनला गेला आणि तिथून जगभर पांगला. मुंबईच्या वाट्याला गोष्ट तेवढी राहिली.

ससूनांची दुसरी खूण घोडपदेवच्या उत्तरेला, काळाचौकीत आहे. डेव्हिड ससून यांचा मुलगा एलियास १८६७ मध्ये घरच्या पेढीतून वेगळा झाला आणि त्याने ई. डी. ससून अँड कंपनी काढली. या कंपनीने मुंबईत गिरण्यांमागून गिरण्या उभ्या केल्या. त्यांतली परळची जेकब ससून मिल सर्वांत मोठी. १९४३ मध्ये या गिरण्या विकल्या गेल्या आणि त्यांचं नाव झालं इंडिया युनायटेड मिल्स. परळची ती एक नंबर झाली. काळाचौकीला दोन आणि तीन नंबर. सहा नंबर म्हणजे दादरला चैत्यभूमीजवळचा रंगकामाचा कारखाना, ज्याला सगळे इंदू मिल म्हणतात. तिथे आता डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं स्मारक उभं राहत आहे. दर ६ डिसेंबरला लाखो लोक जिथे जातात त्या किनाऱ्याशेजारची ही जमीन एके काळी बगदादी ज्यू घराण्याच्या गिरण्यांचा भाग होती. हे शाळेच्या पुस्तकात असायला हवं होतं.

या पैशाबद्दल खरं ते लिहायला हवं. ससूनांच्या संपत्तीचा मोठा वाटा भारतातून चीनला जाणाऱ्या अफूचा होता. त्याच पैशातून शाळा, दवाखाने, ग्रंथालय, धर्मशाळा उभ्या राहिल्या. आणि गिरणीत बारा-बारा तास उभं राहून सूत काढणारा, धुळीने छाती भरून घेणारा माणूस होता घोडपदेव, लालबाग, काळाचौकीचा. संग्रहालयात पुतळा ज्याने दिला त्याचं नाव लागतं. ज्याच्या श्रमातून तो पैसा वाढला त्याचं नाव हजेरीपटात होतं, आणि तो हजेरीपट कोणी जपला नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. गिरण्या पुन्हा पहिल्यासारख्या उभ्या राहिल्याच नाहीत. काळाचौकीच्या दोन-तीन नंबर मिलच्या जागेवर महापालिकेच्या वस्त्रोद्योग संग्रहालयाचं काम गेली अनेक वर्षं रेंगाळत चाललं आहे.

पण ससून म्हणजे मुंबईचे सगळे ज्यू नव्हेत. मराठी वाचकाच्या मनात ज्यू म्हटलं की ससून येतो, गोरा, श्रीमंत, परदेशी. ज्यांची मातृभाषा मराठी, ज्यांची आडनावं दिवेकर, केहिमकर, राजपूरकर, झिराडकर, अष्टमकर, पेणकर, चेऊलकर, ते बेने इस्रायल आपल्याला दिसतच नाहीत, कारण ते आपल्यासारखेच दिसतात.

त्यांची परंपरा सांगते की फार पूर्वी अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटलं आणि सात पुरुष व सात बायका वाचल्या. बुडालेल्यांची प्रेतं तिथेच पुरली; वाचलेल्यांची नावं नाही टिकली, ग्रंथ बुडाले. राहिली ती शनिवारची सुट्टी, मुलाची सुंता आणि ‘शेमा इस्रायल’ ही प्रार्थना. कोकणातल्या गावांत ते तेलाचे घाणे चालवत. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. पुढे डेव्हिड रहाबी नावाच्या माणसाने त्यांना ओळखलं, धर्माचं शिक्षण दिलं, अशीही त्यांची आठवण आहे. इंग्रजांचं राज्य आल्यावर ते कंपनीच्या पलटणीत शिरले, मुंबईला आले, सुभेदार झाले, कारकून झाले, रेल्वेत लागले, बायका परिचारिका आणि शिक्षिका झाल्या.

सामाजी हसाजी दिवेकर उर्फ सॅम्युएल इझेकिएल दिवेकर असाच पलटणीतला माणूस. टिपू सुलतानाशी झालेल्या लढाईत कैद झाला, सुटला आणि १७९६ मध्ये त्याने मांडवीत सिनेगॉग बांधला. शआर हारहमीम, मुंबईतला पहिला. बेने इस्रायल त्याला जुनी मशीद म्हणत, आणि पुढे दुसऱ्या एका सिनेगॉगला नवी मशीद हे नाव मिळालं. मस्जिद बंदर स्टेशनाचं नाव याच जुन्या मशिदीवरून पडलं असं बरेच लोक सांगतात. मशीद मांडवीत, स्टेशनही तिथलंच.

बगदादी ज्यू आणि बेने इस्रायल यांचं नातं सोपं नव्हतं. १८३६ मध्ये बगदादी पुढाऱ्यांनी सरकारकडे अर्ज केला की दफनभूमीत आमच्या आणि त्यांच्या कबरींमध्ये भिंत घालावी. एकाच देवाची प्रार्थना करणाऱ्यांना मेल्यानंतरही शेजार नको होता. जात आपल्या मातीत कशी शिरते, बाहेरून आलेल्यालाही कशी चिकटते, हे या एका अर्जात दिसतं. भायखळ्याचा मागेन डेव्हिड सिनेगॉग, जो डेव्हिड ससून यांनी १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला बांधला आणि १९१० मध्ये जेकब ससून यांनी मोठा केला, तो बगदादी लोकांचा. आज निळ्या रंगाचा तो उंच मनोरा नागपाड्याकडून जाताना दिसतो. त्याच्या आवारातल्या ससून शाळांमध्ये आता आसपासच्या मोहल्ल्यांतली मुसलमान मुलं शिकतात. बेने इस्रायलांनी आपले सिनेगॉग आपल्या वस्त्यांत बांधले. आग्रीपाड्याचा मागेन हसीदीम, सात रस्त्याचा तिफेरेथ इस्रायल, उमरखाडीचा एत्झ हाइम.

सिनेगॉग पाहायला जाणाऱ्या माणसाने काय पाहावं? मुंबईत जेरुसलेमची दिशा पश्चिमेची, म्हणून प्रार्थनेचं तोंड पश्चिमेकडे. त्या भिंतीत हेखाल, म्हणजे पडद्यामागचं कपाट, आणि त्यात सेफर तोरा, चामड्याच्या कागदावर हाताने लिहिलेल्या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या. त्यांना मखमलीची नाहीतर लाकडाची आवरणं, वर चांदीचे घुंगरू. मधोमध कठड्याचा लाकडी तेबा, जिथे उभं राहून वाचन होतं. समोर अखंड तेवणारा दिवा. एका बाजूला एलियाहू संदेष्ट्याची खुर्ची, बाळाच्या सुंतेच्या वेळी वापरायची. बायकांसाठी वर सज्जा. पॅरिसच्या किंवा न्यू यॉर्कच्या संग्रहालयात याच वस्तू काचेच्या कपाटात, खाली साल लिहून ठेवलेल्या असतात. इथे त्या रोजच्या हाताळणीतल्या आहेत. शब्बाथच्या सकाळी कोणीतरी त्या काढतं, वाचतं, परत ठेवतं. दहा प्रौढ पुरुष जमले नाहीत तर मात्र ठरावीक प्रार्थना म्हणता येत नाहीत, आणि मुंबईतल्या कित्येक सिनेगॉगांत हे दहा जमवणं हीच आठवड्याची काळजी असते. जो समाज आज साऱ्या देशात मिळून जेमतेम काही हजारांचा आहे, त्याला ही काळजी रोजची.

आणि आता मराठीबद्दल. बेने इस्रायलांच्या पंचांगातले सण हिब्रूत आहेत तसेच मराठीतही आहेत. वर्षाची सुरुवात नव्याच्या सणाने. योम किप्पूर, म्हणजे कडक उपासाचा प्रायश्चित्ताचा दिवस, तो दारफळणीचा सण, कारण त्या दिवशी घराचं दार बंद करून बसायचं. दुसऱ्या दिवशी शिळा सण. खिरीचा सण आहे. पुरिम हा होळीचा सण, कारण तो होळीच्या सुमारास येतो. वल्हांडणाचा, म्हणजे पेसाहचा, अनाशी ढाकाचा सण, आंबवण्याचं भांडं झाकून ठेवण्याचा. जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या शोकाचा उपास हा बिरड्याचा रोजा, कारण उपास सुटताना वालाचं बिरडं लागतं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या मंदिराचा शोक आणि कोकणातलं वालाचं बिरडं एकाच ताटात, हे चित्र जगातल्या दुसऱ्या कुठल्या ज्यू समाजाकडे असणार नाही.

जेवणातही तसंच. मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही, म्हणून मटणाच्या रश्श्यात, गोडाधोडात नारळाचं दूध. नव्याच्या सणाला गव्हाच्या चिकाचा हलवा, नारळाच्या दुधात तासन्‌तास ढवळत आटवलेला. शब्बाथच्या किद्दुशला द्राक्षाची दारू कोकणात कुठली, म्हणून काळ्या मनुका भिजवून केलेलं शरबत. आणि मलिदा. पोहे भिजवून त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा, ताटाभोवती फळं, आणि सगळ्यांनी मिळून म्हटलेलं एलियाहू हन्नाबीचं गाणं. लग्नाआधी, बारशाला, नवस फिटला की, नवीन घर घेतलं की मलिदा. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एका खडकावर एलियाहूच्या रथाच्या चाकाची आणि घोड्याच्या टापेची खूण आहे असं ते मानतात आणि नवस फेडायला तिथे जातात. संग्रहालयात मलिद्याचं ताट ठेवता येणार नाही, पण तो कसा करतात, कोण करतं, कोणत्या चालीवर म्हणतात, हे चित्रफितीवर ठेवता येईल. त्या चाली पुस्तकात नाहीत, आजीच्या गळ्यात आहेत.

पुस्तकांचा खजिना वेगळाच. १८३२ मध्ये जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं, बेने इस्रायलांना शिकवण्यासाठी. त्याचा हेतू धर्मांतराचा होता. पण झालं उलटंच, हा समाज हिब्रू शिकला आणि आपला धर्म अधिक पक्का धरून बसला. १८४६ मध्ये मुंबईत हगादा शिळाप्रेसवर छापली गेली, हिब्रू आणि मराठी शेजारी शेजारी. हगादा म्हणजे पेसाहच्या रात्री वाचायची मिसरमधून सुटकेची कथा. १८७४ मध्ये पुण्यात निघालेल्या हगादेत चित्रं आहेत, आणि त्यांतल्या एका चित्रात लुगडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून मात्झा, म्हणजे बिनखमिराच्या रोट्या, करताना दिसतात. मराठी घरातली माजघराची बैठक, हातातली कामं, सगळं ओळखीचं. जगभरच्या हगादांच्या संग्रहात हे पान प्रसिद्ध आहे. जेरुसलेम, लंडन, न्यू यॉर्कचे अभ्यासक त्याबद्दल लिहितात. मराठी मुद्रणाच्या इतिहासावर आपण जे लेख वाचतो त्यांत मात्र त्याचा उल्लेख कितीदा येतो?

मराठीत प्रार्थनापुस्तकं आणणारे जोसेफ इझेकिएल राजपूरकर हे या परंपरेतलं मोठं नाव. पिढ्यान्‌पिढ्यांच्या बेने इस्रायलांनी हिब्रू प्रार्थनेचा अर्थ त्यांच्या मराठीतून समजून घेतला. आणि १८८० मध्ये हरिकीर्तनं ऐकून काही तरुणांनी ठरवलं, आपल्या कथा याच ढंगात सांगायच्या. अब्राहामाची कथा, योसेफाची कथा, मोशेची कथा. पूर्वरंग, आख्यान, अभंग, साकी, दिंडी, आणि मध्येच हिब्रू वचन. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्यांतले नावाजलेले कीर्तनकार. टाळ-मृदंगाच्या साथीने जुन्या करारातली कथा सांगणारा कीर्तनकार ज्या भाषेत उभा राहिला, ती भाषा त्याची स्वतःची होती, भाड्याची नव्हती. म्हणून मी म्हणतो, बेने इस्रायलांचं संग्रहालय हे मराठीचंही दालन आहे. त्याचे फलक आधी मराठीत लिहिले जायला हवेत.

या साऱ्याची घोडपदेवला सर्वांत जवळची जागा म्हणजे माझगावची सर एली कदूरी शाळा. ती सुरू झाली १८७५ मध्ये, इस्रायलाइट स्कूल या नावाने, हाइम सॅम्युएल केहिमकर यांच्या खटपटीतून. केहिमकरांनी १८९७ मध्ये बेने इस्रायलांचा इतिहास लिहून पुरा केला. तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला. हस्तलिखित चाळीस वर्षं वाट पाहत राहिलं. आजही या समाजावर लिहिणाऱ्याला केहिमकरांकडेच जावं लागतं. शाळेला पुढे नाव मिळालं ते बगदादमध्ये जन्मलेल्या, हाँगकाँग-शांघायला मोठे झालेल्या एली कदूरी यांच्या देणगीमुळे. ते तरुणपणी ससूनांच्याच पेढीत नोकरीला होते.

शाळेच्या मुख्याध्यापिका रिबेका रुबेन यांच्याबद्दल मला विशेष लिहायचं आहे. १९०५ च्या मॅट्रिकच्या परीक्षेत मुंबई विद्यापीठात पहिली आलेली पहिली मुलगी म्हणजे त्या. इंग्लंडला शिकल्या, परत आल्या, आणि १९२२ ते १९५० अशी अठ्ठावीस वर्षं त्यांनी ही शाळा चालवली. त्या काळात माझगाव-भायखळ्याच्या ज्यू मुलामुलींच्या पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या. गिरणगावच्या एवढ्या जवळ, मुलींना शिकवण्यासाठी आयुष्य घालवलेली ही बाई. तिच्या नावाचा एक फलक तरी रस्त्यावर असावा. त्यांच्याच पिढीतल्या डॉ. जेरुशा झिराड कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या आणि १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एली कदूरी शाळेत आज शिकणारी बहुसंख्य मुलं ज्यू नाहीत, आसपासच्या वस्त्यांतलीच आहेत. शाळा मात्र चालू आहे, ही मोठीच गोष्ट.

चित्रकलेचंही बोलायला हवं, कारण ज्यू कला म्हणजे केवळ चांदीचे दिवे नव्हेत. पुण्यात १८८० मध्ये जन्मलेले सॅम्युएल रहामीन, पुढे फैजी-रहामीन, हे बेने इस्रायल घरातले. दिल्लीच्या सचिवालयाच्या घुमटातली भित्तिचित्रं त्यांची. मुंबईत वाढलेल्या आणि जे. जे. मध्ये शिकलेल्या सिओना बेंजामिन आज अमेरिकेत निळ्या अंगाच्या बायकांची चित्रं काढतात, ज्यांत बायबलच्या स्त्रिया आणि भारतीय लघुचित्रांची शैली एकत्र येते. नाझींपासून पळून मुंबईत आलेल्या वॉल्टर लँगहॅमर, रुडी फॉन लायडन आणि इमॅन्युएल श्लेसिंजर यांनी हुसेन, रझा, आरा यांच्या पिढीला पाठबळ दिलं. सिनेमात ‘आलमआरा’ (१९३१) ज्यांनी लिहिला ते जोसेफ डेव्हिड पेणकर, ‘बूट पॉलिश’मधले जॉनचाचा म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर, मूकपटांची राणी सुलोचना म्हणजे रूबी मायर्स, नादिरा म्हणजे फ्लोरेन्स इझेकिएल. निस्सीम इझेकिएल इंग्रजीत कविता लिहीत आणि मराठी कवितांच्या इंग्रजी अनुवादातही हात घालत. त्यांच्या आईने मराठी शाळा चालवली होती.

१९४८ मध्ये इस्रायल झालं आणि माणसं जाऊ लागली. कोणी कळवळून गेलं, कोणी भावाच्या मागे गेलं, कोणी नोकरीसाठी. तिथे पोचल्यावर काही धर्मगुरूंनी विचारलं, तुम्ही खरे ज्यू कशावरून? लग्नं अडली. बेने इस्रायलांनी निदर्शनं केली, धरणं धरलं, आणि १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू आहेत असा ठराव केला. १८३६ ची भिंत ज्यांच्यासाठी मागितली गेली त्यांच्या वंशजांनी ही दुसरी भिंत पाडली. आज तिथे लोद, दिमोना, बीरशेबा, अश्दोद या गावांत मराठी बोलणारी घरं आहेत आणि ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक तिथून निघत आलं आहे. महाराष्ट्राने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला.

निघून जाणाऱ्या माणसाच्या सामानाचं वजन ठरलेलं असतं. काय नेलं आणि काय मागे राहिलं याचा विचार चिंचपोकळीच्या ज्यू कब्रस्तानात येतो. एलियास ससून यांनी आपल्या मुलाच्या, जोसेफच्या, स्मरणार्थ ते १८७८ मध्ये बांधून दिलं. हिब्रू, इंग्रजी दगड, काही मोडलेले. बेने इस्रायलांची मोठी दफनभूमी वरळीला, डॉ. ई. मोझेस रोडवर. हा रस्ता रोज हजारो मराठी माणसं वापरतात. तो ज्यांच्या नावाचा आहे ते डॉ. एलिजा मोझेस राजपूरकर १९३७-३८ मध्ये मुंबईचे महापौर होते, बेने इस्रायल होते. वरळीच्या दफनभूमीतल्या दगडांवर हिब्रूखाली मराठी आहे. देवनागरीत कोरलेलं ‘कै.’, गावावरून पडलेलं आडनाव, आणि तारीख. हे दगडसुद्धा वाचायला हवेत, उतरवून ठेवायला हवेत. पावसाळ्यात शेवाळ चढतं, अक्षरं झिजतात.

सिनेगॉग पाहायला जाणाऱ्या वाचकासाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात कुलाब्याच्या नरिमन हाउस या ज्यू केंद्रात जे घडलं त्यानंतर साऱ्या ज्यू जागांवर पोलिसांचा पहारा आहे, म्हणून सरकारी ओळखपत्र सोबत ठेवावं आणि आधी विचारून जावं. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत शब्बाथ, तेव्हा कॅमेरा काढू नये, उगाच गर्दी करू नये. पुरुषांनी डोकं झाकावं. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असतं.

काळाचौकीच्या संग्रहालयात यंत्रमाग येतील, चात्या येतील, संपाची छायाचित्रं येतील, यायलाच हवीत. त्याच आवारात, ज्या गिरण्या ससूनांनी उभ्या केल्या त्याच जमिनीवर, एक दालन बेने इस्रायलांचं असावं. त्यात पुण्याच्या हगादेच्या पानाची मोठी प्रत, राजपूरकरांची प्रार्थनापुस्तकं, केहिमकरांच्या ग्रंथाची पहिली आवृत्ती, कीर्तनाच्या ध्वनिफिती, शनवार तेल्यांचा घाणा, अनाशी ढाकाचं भांडं, ओळखपत्रं, पलटणीतल्या सुभेदारांचे फोटो. अफूचा हिशेबही असावा आणि १८३६ चा अर्जही असावा. ज्यांनी गिरणी चालवली त्यांच्या नावांशेजारी ज्यांनी सूत काढलं त्यांची नावंही असावीत, कारण घोडपदेवचा माणूस ते दालन पाहायला येणार आहे आणि त्याला त्यात आपला आजा शोधायचा आहे.

वस्तू कुठून येणार? पुष्कळशा अजून घरांत आहेत. भायखळ्याच्या, माझगावच्या, ठाण्याच्या घरांत, लोद आणि दिमोनाच्या फ्लॅटांत, ट्रंकांच्या तळाशी, कपाटात नाहीतर माळ्यावर. त्या मागायला महापालिकेने मराठी वर्तमानपत्रांत आणि ‘मायबोली’त एक साधी जाहिरात द्यावी, घरी येऊन फोटो काढून वस्तू परत देऊ असं त्यात स्पष्ट लिहावं, आणि एक कायमचा माणूस या कामावर नेमावा, ज्याला मराठी नीट येतं आणि हिब्रू वाचता येतं. मुंबई विद्यापीठाने राजपूरकरांच्या काळात हिब्रूचे परीक्षक नेमले होते, तेव्हा आजही असा माणूस घडवणं अवघड नाही. ट्रंका उघडून कोणती वस्तू कशाची हे सांगू शकणारी पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. जाहिरात या वर्षी निघायला हवी.